शुक्रवारचं भाडं

गाडीच्या धंद्यातलं कॅलेंडर वेगळं असतं. मे महिना लग्नाच्या वऱ्हाडांचा, भाद्रपद कोकणातल्या गणपतीचा, थंडी शिर्डी-अक्कलकोटची, आणि वर्षातले उरलेले शुक्रवार ट्रेकवाल्यांचे. नवी मुंबईतल्या आमच्या बोनकोड्यात माझ्यासारखे गाडीवाले बरेच. गावठाणाच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, म्हणून आमच्या गाड्या बाहेर सिडकोच्या रस्त्याच्या कडेला उभ्या. माझी सतरा सीटर ट्रॅव्हलर त्यांतलीच. शुक्रवारी दुपारी मी चाकांतली हवा बघतो, स्टेपनी हलवून बघतो, ब्रेक ऑइल, कूलंट, वायपर तपासतो. रात्री आठच्या सुमारास रिकामी गाडी घेऊन बोरिवलीकडे निघतो.

पहिला पिकअप बहुतेक वेळा बोरिवलीच्या नॅशनल पार्कसमोर. त्या गेटवर शुक्रवारी रात्री बघण्यासारखी गर्दी असते. कोल्हापूर, सातारा, गोव्याच्या बसवाले गावांची नावं ओरडत असतात आणि त्यांच्या मधून पाठीवर सॅक घेतलेली पोरं-पोरी आपापली गाडी शोधत फिरत असतात. पाठीमागे शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी, तुळशी आणि विहार तलाव, बिबटे. एका राष्ट्रीय उद्यानाच्या दारात उभं राहून लोक दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानाला जायची गाडी पकडतात, आणि पहिल्याकडे मान वळवूनही बघत नाहीत. त्यांना दोष देत नाही. आमच्या खाडीच्या काठावरून स्वच्छ दिवशी त्याच डोंगराची रांग पलीकडे दिसते. ती बघत आम्ही मोठे झालो, पण त्या रांगेत चढून जावं असं आमच्या घरात कुणाला कधी वाटलं नाही. माझ्या आईला पहिल्यांदा सांगितलं की लोक रात्रभर गाडीत बसून डोंगर चढायला जातात, तेव्हा तिने शांतपणे विचारलं होतं, "डोंगर बगाला पैसं देतान लोका?"

देतात. आणि वेळेवर देतात. लग्नाच्या वऱ्हाडापेक्षा ट्रेकवाले हिशेबाला चोख. ग्रुपचा लीडर साधारण पंचविशीतला, आठवडाभर ऐरोली किंवा महापेच्या कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसणारा, आणि शुक्रवारी रात्री शिट्टी गळ्यात अडकवून एकदम सेनापती झालेला. ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर असे पिकअप घेत कळंबोलीला शेवटचा माणूस चढला की ओळखपरेड होते. नाव सांगा, काम सांगा, आतापर्यंत कुठले ट्रेक केले ते सांगा. मग अंताक्षरी. खोपोलीचा घाट चढेपर्यंत निम्मे झोपलेले असतात. मला तेच बरं. आरशात माना डुलताना दिसल्या की मी एसी एक खूण कमी करतो आणि गाण्याचा आवाज बंद करतो. पुढचे चार तास माझे आणि रस्त्याचे.

हिवाळ्यात सगळ्यात जास्त मागणी वासोटा किल्ल्याला. पावसाळ्यात कोयना अभयारण्यातली तिथली वाट बंद असते. दिवाळीच्या आसपास ती उघडली की फोन सुरू होतात. पुणे मागे टाकायचं, खंबाटकी ओलांडायची, पहाटे सातारा, तिथून यवतेश्वरचा घाट चढून कासचं पठार. सप्टेंबरात याच पठारावर फुलांसाठी इतकी गर्दी असते की प्रवेश मर्यादित ठेवावा लागतो. डिसेंबरच्या पहाटे मात्र गाडीच्या उजेडात नुसतं वाळलेलं गवत आणि दव. कास सोडलं की बामणोलीचा उतार. या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणारा ड्रायव्हर मी पुन्हा सोबत घेत नाही. डिझेल वाचतं म्हणे. दुसऱ्या गिअरवर इंजिनच्या जोरानेच उतरायचं, ब्रेकला पाय फक्त वळणापुरता. ब्रेक तापले की लायनरचा जळका वास आत येतो आणि मागे कुणीतरी झोपेत म्हणतं, "दादा, काहीतरी जळतंय." तो वास येऊ न देणं, हीच या रस्त्यावरची ड्रायव्हरची परीक्षा.

बामणोलीला उजाडता उजाडता पोहोचतो. समोर शिवसागर जलाशय, कोयना धरणाचं मागचं पाणी. धुकं पाण्यावरून हळूहळू सरकत असतं. ग्रुप खाली उतरतो, पोहे-चहा होतो, लीडर कागद घेऊन वन विभागाच्या कार्यालयात जातो. प्रत्येकाचं नाव, ओळखपत्र, फी. मग बोट. बामणोलीहून पलीकडच्या मेट इंदवलीला जायला दीड तासाच्या आसपास लागतो. तिथल्या चौकीवर सॅक उघडून प्लास्टिक मोजतात: बाटल्या किती, बिस्किटांचे पुडे किती, वेफर्सची पाकिटं किती. जितकं नेलं तितकं परत दाखवायचं. संध्याकाळच्या आत उतरून बोटीत बसायचं. गडावर मुक्कामाला परवानगी नाही. नियम कडक आहेत आणि चांगले आहेत.

एकदा बोट सुटताना एक मुलगा मला म्हणाला, "दादा, यायला पाहिजे होतं तुम्ही. इथे माणसाचा हातच लागलेला नाही." तो ज्या पाण्यावर उभा होता ते माणसाने साठवलेलं होतं. १९६० च्या दशकात कोयनेचं धरण उभं राहिलं, नदी अडली आणि जावळी-पाटणच्या खोऱ्यातली शंभराच्या आसपास गावं पाण्याखाली किंवा पाण्याच्या काठावर गेली. पण त्या मुलाला मी काही बोललो नाही. सकाळी सात वाजता, रात्रभर गाडी चालवून आल्यावर, कुणालाही काही समजावण्याची ताकद ड्रायव्हरमध्ये उरलेली नसते.

लोकांना वाटतं, ग्रुप वर गेला की ड्रायव्हर दिवसभर झोपतो. सकाळी दोन-तीन तास झोपतो, हे खरं. शेवटच्या लांब सीटवर पाय दुमडून, खिडकीला टॉवेल अडकवून. मग जाग येते ती उन्हाने. गाडी झाडायची, मागच्या सीटखालून सापडलेला चार्जर, एक मोजा, सफरचंदाचा अर्धा तुकडा बाजूला काढायचा. त्यानंतर बोटवाल्यांच्यात जाऊन बसायचं. बोटीचा आणि गाडीचा धंदा तसा एकाच जातीचा: इंजिन, डिझेल, फेरी, हंगाम आणि शनिवार-रविवारची वाट. त्यामुळे गप्पांना तोटा नसतो. त्यांच्याकडून मला या पाण्याचा भूगोल कळला. इथे कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचा संगम आहे. पलीकडे कांदाटी खोरं आहे, तिथल्या माणसाला दवाखान्याला यायचं तर आधी बोट धरावी लागते. २०२२ साली बातमी गाजली होती की खिरखिंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडतात. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आमच्या गाडीतल्या मुली त्याच पाण्यावर लाइफ जॅकेट घालून फोटो काढतात. दोन्हीकडच्या मुली वयाने फार लांबच्या नाहीत.

या रस्त्याला माझे दुसऱ्या प्रकारचेही प्रवासी आहेत, आणि ते लांबचे नाहीत. बोनकोड्याच्या शेजारीच, कोपरखैरण्यात, माथाडी कामगारांच्या वसाहती आहेत. मुंबईतला घाऊक बाजार मशीद बंदरहून वाशीला आला तशी ओझी उचलणारी माणसंही इकडे आली. त्यांतले पुष्कळ साताऱ्याचे: पाटण, जावळी, कोयनेचं खोरं. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटीलसुद्धा पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. शाळेत माझ्या बाकावर जावळीचा मुलगा बसायचा. तो सुट्टीत गावी जायचा आणि आल्यावर सांगायचा की आमच्याकडे बोटीने जावं लागतं. आम्ही आगरी पोरं होड्यांतच वाढलेली, तरी डोंगरात बोट कशी, हे काही आमच्या डोक्यात शिरायचं नाही. ते मला ट्रॅव्हलर घेतल्यावर कळलं.

या वसाहतींतली मंडळी चैत्र-वैशाखात गावच्या जत्रेला निघतात, तेव्हा गाडी माझीच असते. तोच रस्ता, तीच खंबाटकी, तोच कासचा उतार. पण भरताना गाडी ओळखू येत नाही. सॅकच्या जागी तांदळाचं पोतं, देवळासाठी नवा पंखा, कुणाच्या मांडीवर स्पीकरचा डबा, कॅरिअरवर बांधलेली शिडी, ढोल-लेझीम, साड्यांच्या पिशव्या, आणि नारळ तर मोजायचेच नाहीत. ओळखपरेड होत नाही, कारण सगळे एकमेकांच्या तीन पिढ्या ओळखतात. साताऱ्यापर्यंत शहराचा विषय: भाडं, सोसायटीचं पाणी, मुलाची नोकरी. यवतेश्वर चढलं की आवाज बदलतो. गावाकडची बोली आपोआप वर येते आणि म्हातारी माणसं खिडकीकडे सरकतात.

अशाच एका जत्रेच्या खेपेला एक म्हातारे गृहस्थ पुढे माझ्या शेजारी बसले होते. आयुष्य दाणाबाजारात आणि नंतर वाशीच्या मार्केटात पोती उचलण्यात गेलेलं. मानेचा मागचा भाग ओझ्याने कायमचा जाड झालेला. कॉलर तिथे नीट बसत नव्हती. उतारावर एका वळणाला समोर पाणी दिसलं. उन्हाळा होता, पाणी बरंच खाली गेलं होतं आणि काठच्या तांबूस चिखलात जुन्या बांधांच्या आडव्या रेषा उघड्या पडल्या होत्या. ते म्हणाले, "ड्रायवरदादा, जरा हळू घ्या." मी गाडी कडेला घेतली. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "त्यो तिसरा बांध दिसतुय का? त्याच्या वरच्या अंगाला आमचं खळं व्हतं. दोन बैल आणि एक रेडकू. पाणी चढाय लागलं तसं आज्यानं घराचं वासं काढून वर नेलं. दोन येळा. पुन्यांदा न्यायची येळ आली तवा म्हनला, आता मुंबय." पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "चला चला, उन्हं चढत्यात." मी गिअर टाकला. त्यांनी ते सांगितलं ते दुःख म्हणून नव्हे. कुणीतरी पत्ता विचारला आणि त्यांनी सांगितला, इतक्या साधेपणाने.

पुढच्याच शुक्रवारी ट्रेकवाल्यांना घेऊन त्या वळणावर आलो, तेव्हा पाणी बघून गाडीत एकच आरडाओरडा झाला. सगळे मोबाइल खिडकीला. दृश्य तेच होतं. त्यांचा आनंदही खरा होता.

त्यानंतर एका हिवाळ्यात मी ग्रुपबरोबर वर गेलो. लीडरला शेवटी चालणारा माणूस हवा होता, आणि मला त्या म्हाताऱ्यांनी दाखवलेल्या बांधाच्या पलीकडचं बघायचं होतं. बोटीतून उतरलो, चौकी पार केली. थोडं पुढे रानात चौकोनी दगडी जोती दिसायला लागली. एक, मग दुसरं, मग त्यांच्यामधून गेलेली फरसबंद वाट. दारासमोर असतो तसा आंबा. घरामागे असतो तसा फणस. माणूस नसला तरी घराची मांडणी झाडांवरून कळते. मोहाची आणि हिरड्याची झाडं कुठेही उगवतात, पण फणस कुणीतरी लावलेला असतो. ग्रुप पुढे निघून गेला होता. मी एका जोत्यावर दोन मिनिटं टेकलो. उंबऱ्याचा दगड पायांनी गुळगुळीत झालेला होता.

मेट इंदवली. पाणी चढलं तेव्हाही काठाच्या वर राहिलेलं हे गाव. ते उठलं ते जंगलासाठी. १९८५ साली कोयना आणि चांदोली ही दोन अभयारण्यं झाली. २००४ साली चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० साली दोन्ही जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, हजार चौरस किलोमीटरहून मोठा. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशात घेतलं, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. कागदावर ही चढती भाजणी आहे. जमिनीवर या चढणीत काही गावं खाली उतरली. कुणी सांगली-कोल्हापूरच्या माळावर गेलं, कुणी सोलापूरला, कुणी रायगड-ठाण्याकडे. कुणाला जमीन मिळाली, कुणी सातबाऱ्यासाठी पिढी घालवली. चांदोलीच्या धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्तांचे मोर्चे, धरणे, ठिय्ये वर्षानुवर्षं चालले. पाटण तालुक्यातल्या पाथरपुंजसारखं गाव, जे राज्यातल्या सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत मोजलं जातं, ते कितीतरी वर्षं आत राहून बाहेर जाण्याची वाट बघत बसलं.

वर चढताना मात्र हे डोक्यातून गेलं, कारण चढ भारी आहे. ओढ्याकाठी मारुती आणि गणपतीच्या मूर्ती, तिथे पाणी प्यायचं, पुढे दाट झाडी. ऊन जमिनीला लागत नाही. वाटेवर गव्याचे खूर, ओल्या मातीत उमटलेले, माझ्या पंजाएवढे. एका ठिकाणी साल ओरबाडलेली. अस्वल मधासाठी चढलं असावं असं सोबतचा वाटाड्या म्हणाला. गडावर बिनछपराचा मारुती, पाण्याचं टाकं, वाड्याचे अवशेष, चुन्याचा घाणा. लीडरने इतिहास सांगितला: जावळी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये हा गड जिंकला, पेशवाईच्या अखेरच्या काळात ताई तेलिणीने इथून बापू गोखल्यांशी झुंज दिली, १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतला. मग सगळे बाबूकड्यापाशी गेले. कडा तिथे घोड्याच्या नालासारखा वळतो आणि खाली सरळ कोकण. मी खाली बघितलं आणि दोन पावलं मागे सरकलो. समुद्रसपाटीवरच्या माणसाला इतकी खोली सोसत नाही. पण एवढं सलग, हिरवं, आवाज न करणारं जंगल मी कुठेच पाहिलेलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. तिथे उभं राहिल्यावर, हे राखायलाच हवं होतं असं मनापासून वाटलं. खाली जोत्यावर बसल्यावर जे वाटलं होतं, तेही गेलं नव्हतं.

याच डोंगराच्या दक्षिण टोकाला चांदोली. तिथे भाडं कमी मिळतं, कारण किल्ला चढल्याचा फोटो मिळत नाही आणि जनावर दिसेल याची खात्री नाही. वारणावतीला माझी गाडी थांबते. लोक परवानगी घेऊन, वाटाड्यासह आत जातात. झोळंबीचा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं विस्तीर्ण मैदान, त्यावर गवत, कडेने जंगल. एका फेरीला जागा रिकामी होती म्हणून मीही गेलो. वाटाड्या उठलेल्या गावांपैकीच एका गावाचा निघाला. त्याचं कुटुंब आता खाली वसाहतीत राहतं. तो सड्यावर थांबला आणि म्हणाला, इथे आमची गुरं चरायची. गुरं गेली, वणवे थांबले, तशी काही मोकळ्या जागांवर झुडपं चढायला लागली. पण गव्याला, सांबराला उघडं गवत लागतं, आणि सांबर नसेल तर वाघ राहणार कसा? म्हणून वन विभागाला कुरणं मुद्दाम राखावी लागतात. आधी जे काम गावाच्या जनावरांनी फुकट केलं, ते आता माणसं लावून करायचं. वाटाड्याने हे कुरकुर म्हणून सांगितलं नाही. त्याला त्या गवताची काळजी होती, आणि आपल्याला त्यातलं कळतं याचा अभिमान.

२०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणून सोडली, तेव्हा आमच्या नाक्यावरही त्याची चर्चा झाली. एक कारण म्हणजे राज्याचे वनमंत्री गणेश नाईक आमच्या बोनकोड्याचेच. गावातला माणूस वाघाच्या खात्यावर बसला, याचं कौतुक आणि थट्टा दोन्ही. कुणी म्हणालं, आपल्याकडे वाघ कुठला, आपल्याकडे जिताडा मासा. मला मात्र त्या बातमीने आधी वाटाड्या आठवला. त्याला बरं वाटलं असेल, असंच वाटलं.

मला या गोष्टी का टोचतात, हे मी आधी नीट सांगू शकत नव्हतो. आता सांगतो. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी लागल्या. त्यांत बोनकोडे. खाजणात बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात पिकवायचा, हे आमच्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. त्या जमिनीवर आज सेक्टर आहेत. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासईला या जमिनींसाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. माझी पहिली गाडीसुद्धा त्याच साडेबारा टक्क्यांतून उभी राहिली. तेव्हा शहर नको होतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? शहर आलं म्हणून ट्रेकवाले आले, ट्रेकवाले आले म्हणून माझा शुक्रवार भरला.

आणि आता खाडीसुद्धा बघण्याची जागा झाली आहे. २०१५ साली ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ साली रामसर यादीत गेला. हिवाळ्यात मोठ्या लेन्सचे कॅमेरे घेऊन लोक येतात. परवा एकाने काठावर मासळी निवडणाऱ्या आमच्या काकूला विनंती केली की जरा बाजूला सराल का, फ्रेममध्ये येताय. काकू सरकली. तिने त्याला काही उत्तर दिलं नाही, पण मला त्या क्षणी बामणोलीच्या वळणावरचे ते म्हातारे कळले. ज्या जागेत आपण राहिलो, ती जागा दुसऱ्याला बघायची असते. आणि बघणाऱ्याच्या चौकटीत आपण बसत नाही. याचा राग धरून उपयोग नाही, कारण पुढच्या शुक्रवारी मीच कुणालातरी तशाच जागेत घेऊन जाणार असतो.

म्हणून मी माझ्यापुरतं एक केलं. ट्रेकचं भाडं ठरवताना लीडरला तीन गोष्टी सांगतो. वाटाड्या तिथल्याच गावचा घ्या, मोबाइलवरच्या नकाशाने वाट सापडत असली तरी घ्या. परतीचं जेवण बामणोलीत किंवा आसपासच्या घरी सांगा, हायवेवरच्या हॉटेलात नको. पिठलं-भाकरीची ताटं आदल्या दिवशी फोन करून सांगितली की वेळेवर तयार असतात आणि पैसे खोऱ्यातच राहतात. आणि कास ओलांडलं की गाडीतलं गाणं बंद. पहिल्या दोन गोष्टींना बहुतेक जण हो म्हणतात. तिसऱ्याला वाद घालतात. काही ग्रुप त्यावरून दुसऱ्या गाडीकडे गेले. नाक्यावर गाड्या काही कमी नाहीत. जे टिकले, त्यांतले काही आता बोट सुटण्याआधी वाटाड्याला स्वतःहून विचारतात, तुमचं गाव कुठलं, अजून आहे का. तो बोट दाखवतो आणि सांगतो. कधी पाण्याकडे, कधी झाडीकडे.

वसाहतीतल्या जत्रेवाल्यांना यातलं काहीच सांगावं लागत नाही. त्यांच्याकडून भाड्यात मी डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता एवढंच धरतो. आमच्या घरच्यांना हे पटत नाही; बायको म्हणते, तीच गाडी, तोच रस्ता, तर दर दोन का? तिला मी सांगितलं, ट्रेकवाल्यांना मी फिरायला नेतो, आणि जत्रेवाल्यांना घरी सोडतो. ती म्हणाली, "मग रिक्षाही घरीच सोडते, मीटर चालू असतो." तिचं बरोबर आहे. तरी यंदाच्या चैत्रात दर तोच ठेवलाय.